वाऱ्याचा हिशेब मांडून सायकल तयार करणारे साताऱ्यातील दुकान

साताऱ्यात समर्थ मंदिराकडून बोगद्याकडे जाताना सायकल दुरुस्तीचे एक जुने दुकान लागते. दर्शनी बाजू जेमतेम आठ फुटांची आहे, आत मात्र ते बोळासारखे खोल गेले आहे आणि छताला टांगलेल्या रिमांमुळे उंच माणसाला वाकूनच वावरावे लागते. शाळकरी मुलांच्या सायकलींचे पंक्चर काढणे आणि पावसाळ्याआधी ओव्हरऑइलिंग करून देणे हा त्यांचा रोजचा व्यवसाय. त्याच्या जोडीला लांब पल्ल्याच्या सफरीसाठी सायकल तयार करून देण्याचे कामही मालक आता घेतात, आणि हा अभिप्राय त्या कामापुरताच आहे. त्यांनी तयार केलेल्या दोन सायकली घेऊन मी आणि माझा धाकटा भाऊ मे महिन्याच्या उत्तरार्धात स्कॉटलंडच्या पश्चिमेला समुद्रात असलेल्या आउटर हेब्रिडीज या बेटांवर दक्षिण टोकापासून उत्तर टोकापर्यंत जाऊन आलो. त्यामुळे दुकानात काय सांगितले गेले आणि प्रत्यक्षात काय टिकले, या दोन्ही गोष्टी मी शेजारी शेजारी ठेवून लिहू शकते.

बेटांवरील या सायकलमार्गाला हेब्रिडियन वे म्हणतात. तो २०१६ मध्ये सुरू झाला. व्हॅटरसे या छोट्या बेटावरून निघून लुइसच्या उत्तर टोकावरील बट ऑफ लुइसच्या दीपगृहापर्यंत तो जातो. अंतर २९७ किलोमीटर, वाटेत दहा बेटे. त्यातील बहुतेक बेटे समुद्रात भराव घालून बांधलेल्या सहा रस्त्यांनी जोडलेली आहेत आणि दोन ठिकाणी बोटीने जावे लागते. आकडा ऐकून इकडच्या सायकलस्वारांना हे तीन दिवसांचे काम वाटते. साताऱ्याहून कोल्हापूर गाठून दुसऱ्या दिवशी परत येणारी माणसे आपल्याकडे कमी नाहीत, आणि मलाही आधी तसेच वाटले होते. अडचण अंतराची नाही, चढाचीही फारशी नाही. अडचण वाऱ्याची आहे. त्या बेटांवर झाड असे नाहीच म्हटले तरी चालेल, आणि अटलांटिकवरून येणाऱ्या वाऱ्याला अडवायला मध्ये काहीही नाही.

आदल्या वर्षीच्या जुलैमध्ये मी पहिल्यांदा दुकानात गेले, तेव्हा माझ्याजवळ खरेदीची यादी तयार होती : नवे टायर, मागचे कॅरिअर, चार बॅगा, एक चांगला दिवा. मालकांनी यादी हातात घेतली, वाचली आणि बाजूला ठेवली. "ताई, तिकडं वारं कुणीकडनं असतं?" हा त्यांचा पहिला प्रश्न होता. दुसरा प्रश्न, वाटेत सायकल मोडली तर पुढचे दुकान किती लांब आहे. तिसरा, सामान कोण उचलणार आणि ते किती किलो होणार. मला एकाही प्रश्नाचे धड उत्तर देता आले नाही. त्यांनी वही उघडून वर आमची नावे लिहिली, खाली हे तीन प्रश्न लिहिले आणि उत्तरे घेऊन या, मग सामानाचे बघू, असे सांगितले. गिऱ्हाईक पैसे घेऊन समोर उभे असताना त्याला काहीही न विकता परत पाठवणारे दुकान मी तरी दुसरे पाहिलेले नाही, आणि पुढे जे काही नीट झाले त्याचे मूळ मला त्या वहीच्या पानात दिसते.

उत्तरे शोधताना एक गोष्ट लक्षात आली, ती साताऱ्याच्या माणसाला फार जवळची वाटेल. त्या बेटांवर प्रामुख्याने नैर्ऋत्येचा वारा असतो, म्हणूनच बहुतेक लोक हा मार्ग दक्षिणेकडून उत्तरेकडे करतात. आपल्याकडे पावसाळ्यात सह्याद्रीच्या माथ्यावर धडकणारा वाराही नैर्ऋत्य आणि पश्चिमेचाच. ठोसेघरच्या पुढे चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या आहेत त्या याच वाऱ्याच्या भरवशावर, आणि चाळकेवाडी साताऱ्याच्या नैर्ऋत्येलाच आहे. म्हणजे पावसाळ्यात साताऱ्याहून तिकडे जाताना वारा तोंडावर आणि येताना पाठीवर, अशी तालीम आपल्या दारातच उपलब्ध आहे. हे मी दुकानात सांगितले तेव्हा मालकांनी मान डोलावली आणि ऑगस्टमधला एक रविवार ठरवून टाकला.

त्या रविवारबद्दल मला सविस्तर लिहायचे आहे, कारण या सेवेतील सर्वांत मोलाचा भाग तोच आहे. दुकानात आमच्या दोन्ही सायकलींना चार-चार बॅगा लावल्या गेल्या आणि त्यांत कपड्यांऐवजी ज्वारी भरली गेली. मालकांनी प्रत्येक बॅग ताणकाट्याला अडकवून वजन केली. डावी-उजवीत पाव किलोपेक्षा जास्त फरक दिसला की ओंजळीने ज्वारी इकडची तिकडे केली. प्रत्येकाच्या सायकलवर एकूण सतरा किलो. सज्जनगडाचा फाटा मागे पडेपर्यंत विशेष काही वाटले नाही, ठोसेघरच्या चढाला दम लागला, आणि पठारावर पोचल्यावर वाऱ्याचा पहिला झोत असा आला की मी रस्त्याच्या डाव्या कडेवरून थेट मध्यावर गेले. पाऊस आडवा येत होता. धुक्यात पवनचक्कीचे पाते दिसत नव्हते, फक्त त्याचा भरारा ऐकू येत होता. मालक त्यांच्या जुन्या स्कूटरवरून मागे येत होते आणि दर दोन किलोमीटरवर आम्हाला थांबवून वहीत काहीतरी टिपत होते : हँडल कुठे थरथरते, कोणत्या गिअरवर पाय अडतो, पुढची बॅग कुठे घासते.

तिथेच चहाच्या टपरीच्या पत्र्याखाली उभे राहून त्यांनी एक हिशेब समजावला. बिनवाऱ्याच्या दिवशी आपण ताशी १५ किलोमीटरने चाललो तर हवा आपल्याला १५ च्या वेगाने लागते. समोरून ३० चा वारा असेल आणि आपण हट्टाने १५ ची गती टिकवली तर हवा ४५ च्या वेगाने लागते. वेग तिप्पट झाला म्हणून हवेचा अडथळा तिप्पट होत नाही, तो वर्गाने वाढतो, म्हणजे नऊपट होतो. म्हणून वाऱ्यात ताकद लावून काही साधत नाही. लहान गिअर टाकायचा, पाय हलका फिरता ठेवायचा आणि दिवसाचे अंतर आधीच कमी धरायचे. हे मी शाळेत विज्ञानात शिकले असेन, पण त्या पठारावर भिजलेल्या अंगाने ऐकल्यावर ते खऱ्या अर्थाने कळले.

त्या टिपणांवरून सायकलींमध्ये बदल झाले. माझ्या सायकलला पुढे दोनच चकत्या होत्या. त्या काढून तीन चकत्यांचा संच बसवला, ज्यातली सर्वांत लहान २६ दात्यांची, आणि मागची सर्वांत मोठी ३४ दात्यांची. इतका हलका गिअर साताऱ्यात कशाला, असे भावाने विचारलेही होते. हँडलवर लावायची मोठी बॅग रद्द झाली, कारण ती उंचावर असल्यामुळे आडव्या वाऱ्यात हँडल ओढते. त्याऐवजी जड सामान पुढच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना खाली, चाकाच्या आसाच्या पातळीवर आले. मागच्या कॅरिअरवर तंबू आडवा न ठेवता उभा, सायकलच्या लांबीच्या दिशेने बांधायला शिकवले गेले. ऐकायला हे किरकोळ वाटते, पण सप्टेंबरमध्ये दुसऱ्यांदा चाळकेवाडीला गेलो तेव्हा तोच वारा होता आणि हँडल एका हाताने धरता येत होते.

चाकांच्या कामाबद्दल वेगळे सांगितले पाहिजे. सामानाने लादलेल्या सायकलवर तुटतात त्या मुख्यतः मागच्या चाकाच्या तारा, आणि त्यातही चेनच्या बाजूच्या. माझे मागचे चाक ३२ तारांचे होते. त्यांनी हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, आणि रिम बदलून ३६ तारांचे चाक नव्याने विणले. विणणे हाच शब्द ते वापरतात, आणि ते काम करताना पाहिल्यावर दुसरा शब्द सुचत नाही. चाक स्टँडला लावून आउट, म्हणजे फिरताना दिसणारा वाकडेपणा, काढून झाला की बहुतेक कारागीर काम संपले असे समजतात. मालकांनी त्यानंतर चाक मांडीवर आडवे घेतले, दोन्ही हातांनी तारांच्या जोड्या एकेक करून आवळून दाबल्या, करकर असा आवाज आला, पुन्हा स्टँडला लावले, पुन्हा आउट काढला. हे चार वेळा केले. चौथ्या वेळी आवाज आला नाही. मग त्यांनी नखाने एकेक तार छेडली आणि एका बाजूच्या सगळ्या तारा एकाच सुरात वाजतात की नाही ते कान लावून ऐकले. एक बेसूर वाजली तेव्हा तिचे निपल, म्हणजे रिमकडच्या टोकाचा बारीक नट, पाव फेरा फिरवले. सुट्या तारा देताना चेनच्या बाजूच्या आणि विरुद्ध बाजूच्या वेगळ्या बांधून दिल्या, कारण मागच्या चाकात दोन्हींची लांबी सारखी नसते. भावाला दुकानातच बसवून, कॅसेट, म्हणजे मागच्या दातेरी चकत्यांचा संच, काढून तार बदलून पुन्हा आउट काढण्यापर्यंत सगळे त्याच्याच हाताने करून घेतले. पुढचे दुकान लांब आहे, या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तराचा हा अर्थ होता.

खाऱ्या हवेचा विचारही त्यांनी आधीच केला होता. आपल्याकडून कोकणात सायकल नेणाऱ्यांना ठाऊक असते की गुहागर-वेळणेश्वरच्या दोन दिवसांत चेन तांबूस होते. आम्ही तर समुद्राचे तुषार थेट रस्त्यावर येतात अशा ठिकाणी चाललो होतो. सीटच्या दांड्याला, पेडलच्या आट्यांना आणि प्रत्येक बोल्टला ग्रीस लावून सगळे पुन्हा बसवले गेले, बाहेरून दिसणारे बोल्ट स्टेनलेस स्टीलचे झाले आणि चेनसाठी पावसात न धुपणारे घट्ट तेल मिळाले. रोज रात्री चेन जुन्या फडक्याने पुसून कडीकडीवर एकेक थेंब सोडायचा, ही सूचना आम्ही एकच दिवस पाळली नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चेनवर तांबूस पूड दिसली.

आता तक्रारीचा भाग. शेवटची तयारी एप्रिलमध्ये व्हायची होती. आठ दिवसांत दोन्ही सायकली देतो असे सांगितले गेले आणि प्रत्यक्षात एकोणीस दिवस लागले. लग्नसराई आणि सुट्ट्या यांमुळे हाताखालचा मुलगा गावी गेला होता, हे कारण खरे असेल, पण ते आम्हाला चौथ्या फेरीला कळले. फोन करून आधी सांगितले असते तर आम्ही तिकिटांच्या तारखेआधी पंधरा दिवस काळजीत घालवले नसते. माझी सायकल मालकांनी स्वतः पूर्ण केली. भावाची मात्र पॅकिंगच्या आदल्या रात्री दहा वाजता, नुकत्याच परत आलेल्या त्या मुलाच्या हातून झाली, आणि त्याची किंमत पुढे मोजावी लागली. हे काम सोपवणाऱ्याने आपल्या तारखेत किमान तीन आठवडे मोकळे धरावेत आणि ताबा घेताना दिवसाउजेडी प्रत्येक बोल्टला पाना लावून पाहावा.

विमानासाठीचे पॅकिंग उत्तम होते. नव्या सायकलींच्या खोक्यांना आतून दुसरा पुठ्ठा लावला, पुढचे चाक काढल्यावर फोर्क दबू नये म्हणून त्यात लाकडी ठोकळा बसवला, चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा मागचा डीरेलर सोडवून फ्रेमच्या आत बांधला आणि डाव्या पेडलचे आटे उलटे असतात हे लक्षात राहावे म्हणून त्यावर मार्करने बाण काढला. पॉवर बँक खोक्यात ठेवायची नाही, ती हातातल्या बॅगेत न्यायची, आणि चुलीचा गॅस विमानात अजिबात चालत नाही, तो तिकडेच घ्यायचा, हेही खोक्याच्या झाकणावर लिहिले होते. खाऊच्या बाबतीत एक गोष्ट मीच जोडते : साताऱ्याचे कंदी पेढे नेण्याचा मोह आवरावा, कारण भारतातून दुधाचे पदार्थ ब्रिटनमध्ये नेता येत नाहीत. आम्ही शेंगदाण्याची चिक्की आणि सांगलीचे भडंग नेले आणि भडंग पाचव्या दिवसापर्यंत कुरकुरीत राहिले.

ग्लासगोहून रेल्वेने ओबान आणि तिथून कॅलमॅक या बोट कंपनीच्या मोठ्या बोटीने पावणेपाच तासांत बॅरा बेटावरील कॅसलबे, असे आम्ही गेलो. या कंपनीच्या बोटींवर सायकलला भाडे नाही. सगळ्या गाड्यांच्या आधी किंवा शेवटी सायकली आत घेतात आणि भिंतीला दोराने बांधायला लावतात. हा दोर आपला, जाडसर आणि मऊ असलेला बरा, हे दुकानातूनच कळले होते.

दिवसांची आखणी करताना मालकांनी एकच आग्रह धरला होता : नकाशावरच्या अंतराला नव्हे, वाऱ्याला दिवस द्या. म्हणून भावाने २९७ किलोमीटरसाठी सात दिवस धरले आणि दोन दिवस राखीव ठेवले. बॅरा ते एरिस्के ही बोट चाळीस मिनिटांची आणि बर्नरे ते हॅरिसमधील लेव्हरबर्ग ही तासाभराची. दोन्ही वाऱ्यामुळे रद्द होऊ शकतात, म्हणून दिवसाच्या शेवटच्या फेरीवर आम्ही कधीच विसंबलो नाही. रोज संध्याकाळी ब्रिटनच्या हवामान खात्याचा अंदाज पाहून ब्युफोर्ट मापनात ६, म्हणजे ताशी ३९ ते ४९ किलोमीटर वारा दिसला की दुसऱ्या दिवसाचे अंतर अर्धे करायचे आणि ७ दिसला की तंबू सोडून छपराखाली जागा शोधायची, असा नियम केला. हॅरिस आणि लुइसवर रविवार हा प्रार्थनेचा आणि विश्रांतीचा दिवस मानला जातो व बहुतेक दुकाने बंद असतात. त्यामुळे शनिवारी दुपारीच दोन दिवसांचा शिधा घेतला. उजेडाची मात्र चिंता नव्हती, कारण मेच्या अखेरीस तिथे रात्री दहानंतरही वाचता येईल इतका उजेड असतो, आणि वारा पडण्याची वाट पाहत संध्याकाळी सहाला निघणेही शक्य होते.

तिसऱ्या दिवशी साउथ उइस्ट बेटाच्या उत्तर टोकाकडून बेनबेक्युला बेटाकडे जाणाऱ्या भराव रस्त्यावर भावाच्या सायकलमधून खटखट आवाज येऊ लागला. दोन्ही बाजूंना ओहोटीने उघडी पडलेली ओली वाळू, डावीकडून आडवा वारा, आणि मागच्या कॅरिअरचा खालचा बोल्ट जागेवर नव्हता. बॅगेसकट कॅरिअर एका बाजूला कलून चाकाला टेकले होते. माझ्या सायकलवर त्या ठिकाणी आतून नायलॉनचे कडे असलेला नट होता, ज्याला दुकानात नायलॉक म्हणतात आणि जो धक्क्यांनी सैल होत नाही. भावाच्या सायकलवर त्या रात्री घाईत साधा नट लागला होता. सुट्या सामानाच्या डबीत मालकांनी दोन बोल्ट आणि दोन नायलॉक दिले होते, म्हणून वीस मिनिटांत काम झाले. पण वाऱ्यात तो बारीक नट बोटांत धरून ठेवणे, आणि तो वाळूत पडला तर काय, या विचाराने हात थरथरणे, हे मी विसरणार नाही. पुढे ग्रिमसेकडे जाणाऱ्या भरावावर वाहनचालकांना पाणमांजरे रस्ता ओलांडतात अशी सूचना देणारी पाटी आहे. तिथे थांबून आम्ही दोन्ही सायकलींचा एकेक बोल्ट पुन्हा तपासला. पाणमांजर काही दिसले नाही.

चौथ्या दिवशी वारा फिरला आणि उत्तरेकडून आला. नैर्ऋत्येचा वारा पाठीवर मिळेल या आशेवर निघालेल्यांचे तिथे हाल होतात, कारण प्रामुख्याने नैर्ऋत्येचा याचा अर्थ रोज नैर्ऋत्येचा असा नाही. नॉर्थ उइस्टच्या पश्चिम बाजूने आम्ही २४ किलोमीटर जायला तीन तासांहून जास्त वेळ घेतला. रस्ता सपाट होता. उजवीकडे दलदलीची तळी, डावीकडे फुलांनी भरू लागलेले वालुकामय गवताळ पट्टे, ज्यांना तिथे माखर म्हणतात, आणि मी सपाट रस्त्यावर २६ आणि ३४ दात्यांच्या सर्वांत हलक्या गिअरवर पाय फिरवत होते. इतका हलका गिअर कशाला, असे विचारणाऱ्या भावाने त्या दिवशी माझ्या मागे राहून माझ्या आडोशाला सायकल चालवली. तोंडी आकडा सांगायचा तर ताशी सात-आठ किलोमीटर, पण गुडघे दुखले नाहीत आणि बर्नरेला पोचल्यावर स्वयंपाक करण्याइतकी ताकद शिल्लक होती.

दुकानातून मिळालेला एक सल्ला साफ चुकला. पावसासाठी हँडलपर्यंत पसरणारी, झुलीसारखी मोकळी पावसाळी केप त्यांनी सुचवली होती, कारण साताऱ्याच्या पावसात तिच्यात घाम येत नाही. तिकडच्या वाऱ्यात ती शिडासारखी फुगते. पहिल्याच दिवशी बॅराच्या वळणावर मी जवळजवळ गवतात गेले. ती गुंडाळून ठेवली आणि अंगाला घट्ट बसणारे जाकीट वापरले. वाऱ्याचा इतका विचार करणाऱ्या माणसाच्या नजरेतून हे सुटले याचे मला नवल वाटले. चाळकेवाडीला त्या दिवशी आम्ही जाकीटच घालून गेलो होतो, म्हणून ते उघडकीला आले नसावे. तालीम करायची तर जे नेणार आहोत ते सगळे अंगावर घेऊन करावी.

हॅरिसचा पश्चिम किनारा आणि लस्केंटायरची पांढरी पुळण पाहताना सायकलकडे लक्ष द्यावे लागले नाही, यापेक्षा मोठी पावती मी कारागिराला देऊ शकत नाही. टारबर्टच्या पुढे ७९९ मीटर उंचीच्या क्लिशम डोंगराच्या कुशीतून रस्ता चढतो. यवतेश्वरचा घाट चढलेल्या माणसाला तो चढ जड नाही. तिथे ढगातून खाली उतरताना मात्र ब्रेकची परीक्षा झाली. हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकऐवजी तारेचे डिस्क ब्रेक ठेवा, तार कुठेही बदलता येते, असे मालक म्हणाले होते. तार बदलायची वेळ आली नाही, पण उतारावर भिजलेले ब्रेक एका बोटाने लागत होते. लुइसवर कॅलनिशच्या उभ्या शिळांपाशी आम्ही अर्धा दिवस राहिलो, आणि सातव्या दिवशी दुपारी १८६२ मध्ये बांधलेल्या लाल विटांच्या दीपगृहापाशी पोचलो.

योजना करताना सगळ्यांच्या नजरेतून सुटते ती गोष्ट इथे आहे. उत्तर टोकाला मार्ग संपतो, प्रवास संपत नाही. परतीची बोट स्टॉर्नोवेहून सुटते आणि दीपगृहापासून ते गाव चाळीसहून अधिक किलोमीटर मागे, दक्षिणेला आहे. ज्या नैर्ऋत्येच्या वाऱ्याने आपल्याला तिथवर आणले तोच आता तोंडावर असतो. आमच्या राखीव दोन दिवसांतला एक तिथे कामी आला : सकाळी ७ क्रमांकाचा वारा होता, तो दुपारनंतर उतरला, आणि आम्ही संध्याकाळी पाचला निघून रात्री साडेनऊला उजेडातच स्टॉर्नोवेला पोचलो. राखीव दिवस नसता तर दुसऱ्या दिवशीची बोट चुकली असती.

खर्चाचे सांगायचे तर दोन्ही सायकलींची मजुरी, चाळकेवाडीच्या दोन फेऱ्या आणि पॅकिंग मिळून ९,४०० रुपये झाले. सुटे भाग वेगळे, ते साधारण १७,००० रुपयांचे. प्रत्येक भागाचे बिल दाखवले गेले आणि काढलेले जुने भाग पिशवीत घालून परत दिले गेले. ज्याला फक्त कासपर्यंत जाऊन यायचे आहे त्याला एवढ्या तयारीची गरज नाही, आणि मालक स्वतःच तसे सांगतील. ज्याला चकचकीत दुकान, ठरलेली तारीख आणि फोनवर लगेच उत्तर हवे आहे, त्याचाही इथे विरस होईल. निर्जन रस्त्यावर, सामान घेऊन, स्वतःच्या भरवशावर जाणाऱ्याने मात्र चार-पाच महिने आधी, शक्य तर पावसाळ्यातच, या दुकानाची पायरी चढावी, म्हणजे वाऱ्यातली तालीम चुकणार नाही.

परत आल्यावर मी नायलॉकची हकीकत मालकांना सांगितली. त्यांनी काही सबब सांगितली नाही. वहीतले आमचे पान काढले, कॅरिअरच्या ओळीसमोर लाल शाईने खूण केली आणि हाताखालच्या मुलाला बोलावून ती ओळ त्याच्याकडून मोठ्याने वाचून घेतली. उशीर झाल्याबद्दल मात्र ते फक्त "लग्नसराई होती, ताई" एवढेच म्हणाले. पुढच्या कामाची मजुरी घेणार नाही असे त्यांनी सांगितले. मी ती दिली. दोन्ही सायकली सध्या तिथेच आहेत. बीबी, म्हणजे पेडलच्या दांड्यांमधला फिरता आस, उघडल्यावर आत बारीक पांढरी वाळू निघाली आणि छर्रे बदलावे लागणार आहेत. या वेळी त्यांनी तीन आठवड्यांची मुदत मागितली आहे.